जशीच्या तशी शिट्टी

प्रिय दादा,

तुला पूर्ण नमस्कार, वहिनीला निम्मा. का, ते पुढे येतंच आहे.

आधी गाऱ्हाणं. बोटीवर मला मिळालेले हेडफोन कुणा भोपळ्याएवढ्या डोक्याच्या माणसाचे आहेत. ते सारखे मानेवर घसरतात, तरी विज्ञान पुढे चाललंच आहे. बाकी मी मजेत.

पाण्यात सोडलेल्या माइकमधून डॉल्फिन ऐकायचे, एवढंच काम. प्रत्येकाची शिट्टी वेगळी; तेच त्याचं नाव. आईपासून दुरावलेलं पिल्लू आपली शिट्टी मारत राहतं.

परवाचं पिल्लू मला फारच गुणी वाटलं. बोटीवरच्या टेक्निशियनला विचारलं, "हे रेकॉर्डिंग आहे ना रे?"

"कशावरून?"

"खरं पिल्लू घाबरलं की सूर लांबवतं, दमलं की तोडतं. हे दरवेळी जसंच्या तसं!"

तो ओशाळला. पिल्लाच्या आईला बोटीजवळ आणायला त्यानेच पाण्यात स्पीकर सोडला होता.

आता वहिनी. कधीही फोन करा, "आई अगदी मस्त, आत्ताच झोपल्यात." सकाळी तेच, संध्याकाळी तेच, सूरसुद्धा तोच. मला शेजारणीच्या चार तक्रारी ऐकवल्याशिवाय फोन न ठेवणारी आपली आई एवढी कधीपासून झोपायला लागली? पडली का? दवाखान्यात आहे का?

उत्तर लिहू नकोस, तेही तसंच येईल. मी रजा टाकली आहे, शुक्रवारी पोचते. निघायचं म्हणून टेक्निशियनचा थंडीसाठी उसना घेतलेला स्वेटर धुऊन, वाळवून, घडी करून आत्ताच त्याच्या उशाशी ठेवला.

तुझी संशयी
धाकटी