वरच्या खोलीत सिग्नल नाही

३ मार्च

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. घरातला एकमेव जाणता माणूस काय काय सोसतो, याची कुठेतरी नोंद हवी.

प्रसंग असा. हिला मुलाखतीचं बोलावणं आलंय. शाळेची पुस्तकं छापणारी एक संस्था आहे, त्यांना मुद्रितं तपासायला माणूस हवा. घरून करा नाहीतर ऑफिसात येऊन करा, दोन्ही चालेल म्हणे. मुलाखत व्हिडिओवर, १७ तारखेला सकाळी अकराला. हिने वीस वर्षांपूर्वी अशीच नोकरी सोडली होती. मी सोडायला सांगितलं नव्हतं. घरी कोणीतरी असलेलं बरं, एवढंच म्हणालो होतो.

मुलाखत वरच्या खोलीतून द्यायची, असं हिने ठरवलंय. खाली म्हणे माझा टीव्ही असतो. आता घोडं अडलंय सिग्नलपाशी. राउटर खाली हॉलमध्ये; जिना अर्धा चढला की मोबाइल वायफाय सोडून देतो. ही म्हणाली, वायरवाल्याला बोलवू, तासाभराचं काम आहे. मी म्हणालो, उभा जन्म कारखान्याच्या खरेदी विभागात गेला माझा, असली तसली यंत्रं घेतली नाहीत, आता एका डबीसाठी परका माणूस घरात घेऊ? ती उठून कुकर लावायला गेली. म्हणजे पटलं.

पाहणीसाठी राउटरच्या मागे हात घातला. शी! धूळ, केसांचे पुंजके आणि झुरळाचा एक पाय. नुसता पाय. बाकीचं झुरळ कुठे असेल या विचाराने जेवण गेलं नाही.

४ मार्च

दुकानात गेलो. दुकानदार ज्या बोटाने कान कोरत होता त्याच बोटाने खोकी दाखवत होता. त्याने दिलं त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. पांढरी चपटी बशी. राउटरपासून वायर ओढायची, वरच्या खोलीच्या छताला बशी लावायची, की बशी तिथे स्वतःचं वायफाय सोडते. सेटिंगच्या आधी पुस्तिका पूर्ण वाचा, असं तो दोनदा म्हणाला. मी हसलो. पुस्तिका ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असते.

घरी आल्यावर खोकं जंतुनाशकाने पुसलं. खोक्यावरची अक्षरं गेली.

५ मार्च

मेव्हण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून माहेरी त्याला ब्रह्मदेवाचा बाप समजतात. रविवारी येऊन लावून देतो म्हणाला. हा माणूस आला की सोफ्यावर पाय घेऊन बसतो आणि बोलता बोलता तळपायाची सालं काढतो. काढलेली सालं कुठे जातात हे मी पाहिलेलं आहे. नको म्हणालो.

काम उद्या. सकाळी ९ ते ९.४५. पावणेदहाला चहा.

६ मार्च

डोकं दुखत होतं. शिवाय ढगाळ हवा. वायरलेसला कोरडी हवा लागते.

७ मार्च

मानसिक तयारी.

८ मार्च, संध्याकाळ

भोक पाडलं.

जिन्याच्या भिंतीतून वायर वरच्या खोलीत न्यायची, इतका साधा बेत. शेजारच्या काकांचा ड्रिल आणला. त्याच्या मुठीला काहीतरी चिकट लागलेलं होतं. काय, ते विचारलं नाही. काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या. भिंतीत शिरताना ड्रिलने छान आवाज केला. पुढे आवाज बदलला, पत्रा किंचाळल्यासारखा. मी जोर वाढवला. खरेदी विभागात आम्ही माघार घेत नसू.

भिंतीपलीकडे हिचं लोखंडी कपाट आहे हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच. कपाटाची पाठ फोडून ड्रिल आत गेला आणि हिने मुलाखतीसाठी इस्त्री करून टांगलेल्या कुर्त्याची बाही त्याला गुंडाळली गेली. बाही खांद्यापासून निघाली. मी सांगितलं, कॅमेऱ्यात चेहराच दिसतो. हिने निघालेली बाही उचलून घडी घातली. मग कपाटातले बाकीचे कपडे काढून पलंगावर ठेवले.

भिंतीची पांढरी भुकटी माझ्या कानात, नाकात आणि चहात. आख्ख्या बांधकाम व्यवसायाची शिसारी आली.

९ मार्च

वाईटातून चांगलं निघतं ते असं. वायर कपाटात आलीच आहे, तर बशी कपाटातच ठेवली. छताला ती बुरशीसारखी दिसली असती. कपाट रिकामं झालं होतंच. बशी मधल्या फळीवर, दार बंद, किल्ली माझ्याकडे. धूळ नाही, चोरी नाही, मेव्हण्याचा हात नाही. दुकानदाराला हे सुचलं नसतं.

११ मार्च

आज सेटिंग. यालाच कॉन्फिगर करणं म्हणतात. लॅपटॉपवर एक पान उघडतं आणि ते प्रश्न विचारतं. नेटवर्कचं नाव काय? ‘मुख्य’ ठेवलं. पासवर्ड? असा ठेवला की जगातल्या कोणालाही सापडू नये. कागदावर लिहिला नाही, कारण कागद हीच सुरक्षेतली भगदाडं असतात.

दुपारी तो मलाही सापडला नाही. बशीच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसून धरली की ती सगळं विसरते. टाचणी मिळेना, म्हणून हिच्या कानातल्याची तार वापरली. तारेवर कानातला मळ होता. माझ्या नशिबी काय काय आहे!

पुन्हा पहिल्यापासून. एक प्रश्न असा आला की येणाऱ्या मोबाइल-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम ही बशी स्वतः करणार का? हो की नाही? हे काय विचारणं झालं! घेतली आहे कशाला मग? हो.

पुस्तिका कचऱ्याच्या डब्यात टाकली. जागा अडवत होती.

१२ मार्च

घरातलं सगळं इंटरनेट बिघडलं. वर तर नाहीच, खालीही नाही. माझा टीव्ही गोल गोल फिरतोय. मोबाइल कधी जोडला जातो, कधी नाही, त्याच्या लहरीवर. आता याला मी कारण कसा? खालच्या राउटरला तर मी हातही लावलेला नाही.

कंपनीला फोन केला. त्यांनी संगीत ऐकवलं. तीच धून, मधेच तुटणारी, बासरीला पडसं झाल्यासारखी. शेवटी एक मुलगी आली आणि लाइन व्यवस्थित आहे म्हणाली. सर, घरात नवीन काही लावलंत का? मी म्हणालो, तुमचा काय संबंध? फोन ठेवला. हल्ली लोक स्वतःच्या चुका दुसऱ्याच्या माथी मारायला कसे टपलेले असतात!

१३ मार्च

हिने मेव्हण्याला माझ्या नकळत विचारलं. म्हणजे मी शेजारच्या खोलीत ऐकत असताना. त्याचं म्हणणं, घरात पत्ते वाटणारा एकच असावा लागतो. राउटर वाटतोच. आता बशीही वाटायला लागली असेल, तर दोघंही स्वतःला घराचा कर्ता समजतात आणि बाकीच्यांना कोणाचं ऐकावं कळत नाही. नवीन आलेल्याने गप्प बसायचं, बाकी काही नाही.

हे त्याने बशीबद्दल म्हटलं असावं.

मला हे माहीत होतंच. फक्त ते बंद करायचं तर त्या पानावर परत जावं लागतं आणि पान पासवर्ड मागतं. दुसरा पासवर्ड तर पहिल्याहूनही भक्कम निघाला.

१४ मार्च

रंगीत तालीम. ही वर कपाटाजवळ बसली, तिची मैत्रीण तिकडून प्रश्न विचारणार. मी कपाटाचं दार बोटभर किलकिलं केलं, सवलत म्हणून. मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला आणि हिचा चेहरा तोंड उघडं असताना तिकडे गोठला. आवाज आला तो विहिरीतून आल्यासारखा. मैत्रीण म्हणाली, भूकंप झाला का गं?

मी सांगितलं, गोठलेला चेहरा विचारी दिसतो. ही उठून गच्चीवर गेली. डोळे लाल करून आली. धुळीची अ‍ॅलर्जी. घरात भुकटी आहेच अजून.

१५ मार्च

हिने विचारलं, आता तरी वायरवाल्याला बोलवायचं का? शांतपणे विचारलं. माझ्यावर विश्वास नाही का, म्हणालो. ती म्हणाली, या कामासाठी वीस वर्षं थांबल्येय हो मी.

उद्या पहाटे उठून सगळं मार्गी लावणार.

१६ मार्च

उशिरा उठलो. त्यात ही एक घाण गोष्ट करताना दिसली. कचऱ्याच्या डब्यातून पुस्तिका काढली होती. चहाचा चोथा लागलेली, एका कोपऱ्याला अंड्याचं टरफल चिकटलेलं. ती तिने पुसली, उन्हात वाळवली आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसली. मुद्रितं तपासणाऱ्यांची ही खोडच असते, ओळ सोडत नाहीत. दोन छपाईच्या चुका सापडल्या म्हणून खूणही केली समासात. मी म्हणालो, उद्या मुलाखत आणि आज हे? अंड्याच्या टरफलाला हात लावून लोक वाचूच कसे शकतात!

१७ मार्च, सकाळी १०.४५

आजचा दिवस माझा. अवघड काम शेवटच्या क्षणी सुटतं, असा माझा अनुभव आहे. बशीच्या बुडाशी तार खुपसली, पासवर्ड गेला, पान उघडलं. पानावर लाल अक्षरात आलंय: नवीन अपडेट उपलब्ध. यातच सगळ्या रोगांचं मूळ असणार. दाबलं.

१०.५२

चालू असताना बंद करू नका, असं म्हणतंय. बशी नारिंगी लुकलुकते आहे. सहा टक्के.

१०.५८

नऊ टक्के. खालचं इंटरनेटही गेलं. ही लॅपटॉप उघडून बसली आहे. माझ्याकडे बघत नाही.

संध्याकाळ

हिने लॅपटॉप मिटला, मोबाइल उचलला आणि गच्चीवर गेली. मोबाइलच्या स्वतःच्या नेटवर मुलाखत दिली, पाण्याच्या टाकीला टेकून, उभ्याने. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. टाकीवर कबुतरांची विष्ठा, बाजूला शेजाऱ्यांची ओली अंतर्वस्त्रं, वारा सुटलेला. माझ्याच्याने बघवेना. ही मात्र हसून बोलत होती. एकदा तर मोठ्याने हसली. इतकं काय विचारलं कोण जाणे.

खाली आल्यावर मी म्हणालो, उजेड छान पडला होता चेहऱ्यावर, वरच्या अंधाऱ्या खोलीत पडला नसता. म्हणजे एका अर्थी बरंच झालं. ती पाणी प्यायली आणि पुस्तिका घेऊन वर गेली.

१८ मार्च

नेटवर्क सुरू झालं. आम्ही सुरू केलं.

तपशील: हिने बशी कपाटातून काढून छताला लावली, बंद लोखंडात ठेवू नये असं पुस्तिकेत म्हणे चौथ्या पानावर आहे. पत्ते वाटणं बंद केलं. पासवर्ड सोपा ठेवून फ्रिजवर चिकटवला. मी खुर्ची धरली. खुर्ची धरली नसती तर काय झालं असतं, याचा विचार कोणी करत नाही. आता वर, खाली, जिन्यात, न्हाणीघरातसुद्धा सिग्नल फुल. न्हाणीघरात कशाला हवा, हा वेगळा प्रश्न. तिथल्या जाळीत केसांचा गुंता अडकला आहे, त्याकडे आधी बघा म्हणावं.

२६ मार्च

हिची निवड झाली! फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. फोन ठेवल्यावर तिने भावाला फोन केला, मैत्रिणीला केला. मी हॉलमध्येच होतो. मला नंतर सांगितलं.

मलाही आनंद आहे. ओळखीच्यांना कळवलं, की ही घरून काम करणार, तांत्रिक बाजू मी सांभाळली आहे. वेळापत्रकही आखलं. ही वर बसेल. अकराला खाली येऊन माझा चहा. एकला जेवण. चारला पुन्हा चहा. मधल्या वेळात तिने हवं तेवढं काम करावं. माझी काही हरकत नाही.

१ एप्रिल

सकाळी साडेआठला ही नवा कुर्ता घालून, पर्स, डबा घेऊन दारात. ऑफिसला जाते म्हणाली. रोज जाणार. एक एप्रिल, म्हणून मी मनमोकळा हसलो.

चेष्टा नव्हती.

२ एप्रिल

ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या. त्या बसच्या दांड्यांना किती लोकांचे हात लागलेले असतात! कोणी शिंकून धरतो, कोणी नाक पुसून. हे सगळं मी रात्री समजावून सांगितलं. ती म्हणाली, खिडकीची जागा मिळाली होती. चेहरा अगदी ताजा दिसत होता. मला ते आवडलं नाही, असं नाही.

चहा स्वतः केला. उतू गेला. शेगडीवर जळलेल्या दुधाची साय बसली आहे. तिकडे बघवत नाही.

३ एप्रिल, सकाळी १०

काल झोपताना सरळच विचारलं. नेटवर्कवर तुझा अजून विश्वास नाही, म्हणूनच ना? ती म्हणाली, छे हो. निवडीनंतर ऑफिसने विचारलं होतं, घरून करणार की इथे येऊन? तिने त्यांना सांगितलं, की घरी स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, नेट एकदम उत्तम आहे, कसलीच अडचण नाही. तरी मी रोज ऑफिसात येईन.

झालं! म्हणजे नेटवर्कचा दोष नाही. तिने स्वतःच्या तोंडाने, चार परक्या लोकांना सांगितलं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, उद्या मेव्हण्याने तोंड उघडलं तर उपयोगी पडेल. नेटवर्कचा दोष नाही.

दुपारी १

वरचं पुन्हा वाचलं. नेटवर्कचा दोष नसेल तर कशाचा आहे?

वर जाऊन खोली बघितली. स्वच्छ आहे. टेबल हलत नाही. खुर्ची बरी आहे. खिडकीतून वारा येतो. रस्त्याचा आवाज नाही. खाली येऊन सगळं घर हिंडलो, एकेक खोली नीट पाहिली.

घरात मी एकटाच होतो.