चिचटोलीचे घर, फुलांचे वाफे आणि खुराड्याचे कुलूप

मी, अपेक्षा नागसेन रामटेके, वय एकोणतीस, नोकरी, राहणार जरीपटका, नागपूर, सध्या मुक्काम मौजा चिचटोली, तालुका भिवापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कोणी न सांगता लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. तसे म्हणून झाल्यावर त्यांनी बऱ्याच कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. हा कागद मात्र माझ्या मनाचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कारखान्यांतली मोजमापाची उपकरणे बरोबर दाखवतात की नाही हे तपासणे हे माझे काम. त्यामुळे जे जसे आहे तसे लिहायची सवय आहे. या कागदात ती एका ठिकाणी मोडली होती. ते कलम खोडले आहे, पण वाचता येईल असेच खोडले आहे.

१. घर. चिचटोलीचे घर व भोवतालची मोकळी जागा माझी आत्या सिंधूताई यांनी त्यांच्या हयातीत बक्षीसपत्राने मला दिली. त्या इथल्या शाळेत शिक्षिका होत्या; दोन वर्षांपूर्वी वारल्या. माझ्यामागे हे घर माझी आई माया हिचे, आणि तिच्यानंतर माझा धाकटा भाऊ रजत याचे. रजतला इथे पोहण्याचा हौद बांधून शनिवार-रविवार भाड्याने द्यायचे आहे. "ताई, कोंबड्यांचा वास घ्याले येवढ्या दूर जाऊन राहिली तू?" असे त्याने सगळ्यांसमोर विचारले होते. तेव्हा मी उत्तर दिले नाही. आता देते: हो. आई असेपर्यंत हौद बांधू नये.

२. बँकेतील सर्व बचत आईची. तिने ती रजतच्या लग्नासाठी राखून ठेवू नये.

३. माझी हत्यारांची पेटी रजतला. मल्टिमीटर आधीच त्याच्याकडे आहे. तो मी दिला नव्हता. आता दिला असे समजावे.

४. फुलांचे वाफे. हे कोणाच्या नावे करता येत नाहीत, म्हणून फक्त सूचना लिहिते. होलिहॉक भिंतीलगत आहेत. त्यांना काठीचा आधार लागतो. फ्लॉक्सचे बी उन्हाळ्याआधी धरावे. मोगऱ्याला आत्ता कुठे कळ्या दिसू लागल्या आहेत, त्याचे पाणी चुकवू नये. कोपऱ्यातला एक वाफा मोकळा ठेवला आहे. तिथे कोंबड्या धूळ अंगावर उडवून लोळतात. पहिल्या दिवशी मी त्यांना हाकलले. आता चहाचा कप घेऊन पायरीवर बसते आणि बघते. सकाळी गारवा असतो, ऊन टोचत नाही, समोरच्या बांधावर पळस फुलला आहे, शेजारच्या अंगणात भिवापुरी मिरची वाळत असते आणि तिचा वास इथवर येतो. तांबडी नावाची म्हातारी कोंबडी माझ्या चपलेवर चोच मारून दाणे मागते. या महिन्याइतकी मी कधी खूश नव्हते. हे लिहायला मला अवघड जाते, कारण या सुखाला मी कुलूप लावले होते.

~~५. सर्व कोंबड्या, कोंबडा व पिल्ले शेजारीण प्रयागबाई यांना प्रेमपूर्वक द्यावीत.~~

वरील कलम रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

आत्यामागे कोंबड्या आईने सांभाळल्या. जानेवारीअखेर ती नागपूरला गेली आणि सुट्टी घेऊन मी इथे आले, तेव्हा तांबडीची पिल्ले आईपासून तुटायच्या वयाची झाली होती. एका दुपारी प्रयागबाई टोपली घेऊन आल्या, निम्मी पिल्ले त्यात घातली, वर फडके टाकले आणि जाता जाता हाक मारली, "अपेक्षाऽ, नेऊन राहिली वं!" मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. चोरी करणारे माणूस भरदुपारी हाक मारून जात नाही, एवढे मला कळायला हवे होते. मला तो निर्लज्जपणा वाटला. मी काही विचारले नाही. भिवापूरच्या बाजारातून कुलूप आणले आणि खुराड्याला लावले.

दुसऱ्या दिवशी त्या कुलपासमोर उभ्या राहिल्या.

"कुलूप काहून लावलं वं माय? मुंगसाच्या भेवानं?"

मी म्हणाले, "हो."

"मुंगसाले कुलूप कोठी समजते! ते खालून माती उकरते. थांब." आणि त्यांनी बांधावरून गोटे आणून खुराड्याच्या चारी बाजूंना घट्ट बसवले. त्यांचे गुडघे दुखतात. मधे मधे टेकून बसत होत्या. मी म्हणाले, राहू द्या काकू. त्या म्हणाल्या, "तू बस. तुले जड उचलाचं नाई." मी बसले. किल्ली माझ्या मुठीत होती.

चार दिवसांनी फोनवर आईशी बोलताना मी सहज म्हणून विषय काढला. आई म्हणाली, "अवं, तांबडी प्रयागबाईचीच हाय. आत्यानं बटईनं आणली होती. कोंबडी त्यायची, सांभाळणं आपलं, पिल्लं निम्मी-निम्मी. हे तर गावात सगळेच करतात. तुले माहीत नव्हतं? काहून, काय झालं?"

मी म्हणाले, काही नाही.

कुलूप त्याच संध्याकाळी काढले. तोंड मात्र उघडले नाही. त्याऐवजी हे मृत्युपत्र लिहायला बसले आणि कलम पाच अतिशय नीटनेटके लिहिले. माझी वकील मैत्रीण करिष्मा हिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "त्या बाईंची साक्षीदार म्हणून सही घेऊ नको. ज्याला मिळतं त्यानं साक्ष देऊ नये. आणि कोंबड्या तुझ्याच आहेत ना?"

मी फोन ठेवला. ज्यांच्या कोंबड्या त्यांनाच मी त्या बक्षीस म्हणून देत होते. तेही मी मेल्यावर, म्हणजे त्यांना मला काही विचारता येणार नाही अशा वेळी. शिवाय 'प्रेमपूर्वक'. उपकरण चुकीचे दाखवत असेल तर मी त्यावर लाल चिठ्ठी लावते. इथे चुकीचे दाखवणारी मीच होते.

काल दुपारी त्यांच्या अंगणात गेले. त्या मिरचीचे देठ खुडत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मले वाटलं सिंधूबाईनं तुले सांगलं असंल." मग हात थांबला. "म्हंजे ते मुंगूस मीच का वं?"

मी म्हणाले, "हो."

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. बराच वेळ देठ खुडत राहिल्या. त्या घरातून मी चहा न घेता परत आले, असे पहिल्यांदाच झाले.

५. (नवे) कोंबड्या या मृत्युपत्रात नाहीत. तांबडी प्रयागबाईंची आहे. उरलेली निम्मी पिल्ले आमच्या वाट्याची; बाकीच्या कोंबड्या कोणाच्या, ते आई आणि त्या बसून ठरवतील. गोटे हलवू नयेत. मुंगूस खरेच येते.

६. कुलूप व किल्ली रजतला, दुचाकीसाठी.

७. या कागदाप्रमाणे सर्व करण्याचे काम आईने पाहावे.

हा शेवटचा मजकूर साक्षीदार समोर बसलेले असताना लिहीत आहे. निरोप धाडला होता, पण प्रयागबाई येतील असे मी धरून चालले नव्हते. आल्या, पदराला हात पुसले आणि विचारले, "याच्यात माह्या नावाचं काय हाय?" मी म्हणाले, "काही नाही, काकू." त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय. आण पेन."

ठिकाण: मौजा चिचटोली, ता. भिवापूर, जि. नागपूर
दिनांक: २४ फेब्रुवारी २०२६

सही: अपेक्षा ना. रामटेके

आम्हा दोघांदेखत सही झाली:

१. वसंत डोमाजी चौधरी, पिठाची गिरणी, चिचटोली

२. प्रयागबाई गोविंदा नन्नावरे, शेजारीण, तांबडीची मालकीण