बावीस बश्या आणि एक कावळा

मालाड, ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. अनुपमावहिनी यांस,
लवूचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. दादाच्या दहाव्याला तुम्ही पाहिलंतच. कावळा तासभर पिंडाकडे ढुंकून बघेना. मी म्हटलं, वहिनीला सांभाळेन. नाही. गावच्या घराची कौलं बदलतो. तरी नाही. शेवटी म्हटलं, दादा, तुझ्या चिनी मातीच्या बश्या घराबाहेर जाऊ देणार नाही, आणि कावळा झडप घालून शिवला! पन्नास माणसं साक्षीला आहेत.

म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली. परवा एका जाणकाराला फोटो दाखवले. तो म्हणाला, युरोपातल्या, दीडशे वर्षांच्या, देखावे हाताने रंगवलेले. असा संच इथे सापडत नाही. आणि आम्ही दादाला बशीवाला म्हणायचो! माझं घर ते दादाचंच घर, तेव्हा बावीसही बश्या इकडे आणतो. रश्मीने शोकेसमधल्या आमच्या नितेशच्या ट्रॉफ्या माळ्यावर टाकल्यासुद्धा. रविवारी, सोळा तारखेला, टेम्पो घेऊन येतो. तुम्ही काही उचलू नका.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
लवू


चारकोप, ता. ७ फेब्रुवारी

चि. लवूभावजींना अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनवर मला रडू येतं आणि समोरच्याची पंचाईत होते, म्हणून उचलत नाही.

टेम्पो आणू नका. यांनी गोराईच्या जुन्या घरांतून एकेक बशी आणली, बोटीत मांडीवर टॉवेलात गुंडाळून. कणकवलीच्या पुढे कधी गेले नाहीत. पण रविवारी एक बशी काढून पुसत आणि विचारत, आज कुठे जाऊया, पवनचक्कीच्या गावाला की बर्फाच्या डोंगराला? त्याच पवनचक्कीवर तुम्ही गणपतीत सिगारेट विझवली होतीत. हे आठवडाभर डाग पुसत बसले.

मला मात्र एकाही बशीत जेवू दिलं नाही. तडा जाईल म्हणत. तीस वर्षं मी स्टीलच्या ताटात जेवले. आमचं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

दहाव्याला तुम्ही मोठ्याने बोलत होतात, तेव्हा मी मागे उभी होते. मनात म्हटलं, अहो, आता मी त्यांत जेवणार आहे. हरकत असेल तर येऊ नका. कावळा तेव्हा आला.

तेराव्यानंतर रोज जेवते. काल तळ्याकाठच्या बशीत सुरमईचं कालवण घेतलं. जुन्या बारीक तड्यांत हळद उतरली. तळ्यावर ऊन पडल्यासारखं दिसतं.

रविवारी तुम्ही दोघं जेवायला या. पवनचक्की तुमच्यासाठी काढून ठेवते. जेवल्यावर ज्याची त्याने धुवायची.

येत राहा, एवढंच मागणं.

तुमची,
अनुपमावहिनी


मालाड, ता. ११ फेब्रुवारी

ती. वहिनी, सा. न.

हळद लागली म्हटल्यावर जाणकाराने फोनच ठेवला. ट्रॉफ्या खाली आल्या. रश्मी माझ्याशी बोलत नाहीये, पण रविवारी येते म्हणाली.

मीही येतो. सिगारेट घरी ठेवून.

वहिनी, ती पवनचक्की कुठल्या गावातली, दादाने कधी सांगितलं होतं का?

तुमचा,
लवू