सहीच्या वरचा मजकूर

प्रिय बाबा,

पत्र कुणाचं असतं? सही करणाऱ्याचं, विकत घेणाऱ्याचं, की ज्याच्या नावाने लिहिलं त्याचं? पदवी घेऊनही मला याचं उत्तर देता येत नाही.

लोरेन आत्याकडे गुडघा बरा होतोय ना? ती फोनवर म्हणाली, "तुझा बाप माझ्या सुपाला नावं ठेवतो, म्हणजे सुधारतोय." इथे आपल्या एरी गावात बर्फ वितळलंय. भिंतीवरच्या तुमच्या संपादकांच्या सह्यांच्या चौकटी तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी पुसून घेतल्या. एकतीसच्या एकतीस. छापखान्यात चौतीस वर्षं काढून तुम्हीच म्हणायचात, "सही संपादकाची, शाई आमच्या नखांत." तरी त्याच संपादकांची पत्रं तुम्ही गावोगावच्या लिलावांतून गोळा केलीत. मजकूर मागे दुमडायचा, सही तेवढी काचेतून दिसू द्यायची, ही तुमची पद्धत. मजकुराचं ते जुनं अक्षर तुम्हाला लागायचं नाही. मला ते वाचता येऊ लागलं तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलंत, "आमची प्राध्यापकीणबाई चार वर्षं खर्चून मेलेल्यांचं अक्षर वाचायला शिकली." सांगताना दोनदा टोपी नीट केलीत.

जोसाया ट्रेम्बलीची चौकट मागून सैल झाली होती. तुमची सगळ्यात लाडकी. गुलामीविरुद्ध लिहिलं म्हणून ज्याचा छापखाना जाळला, तो ट्रेम्बली. चौकट उघडली आणि घडी उलगडून वाचलं. साल १८६७. नॉक्सव्हिलच्या डेलिया राइस या बाईने, गुलामीच्या काळात विकल्या गेलेल्या मुलाचा शोध घेण्यासाठी त्याच्या पेपरात जाहिरात दिली होती. ट्रेम्बली तिला कळवतो: इनॉक जिवंत आहे, मेम्फिसला एका लोहाराकडे असतो, आईची चौकशी करतो. खाली ती सही. मागे पाकीटही होतं. त्यावर टपालवाल्याने पेन्सिलीने लिहिलंय, "बाई गाव सोडून गेली, पत्र परत." म्हणजे बातमी तिला मिळालीच नाही.

पत्रात तिच्या चर्चचं नाव होतं. ते चर्च अजून आहे. मी लिहिलं, त्यांनी जुन्या नोंदी पाहिल्या आणि तीन आठवड्यांनी अर्नेस्टीन गॅडी यांचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, डेलियाच्या धाकट्या मुलीच्या वंशातल्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी इनॉकची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे दर पिढीत एक इनॉक असतो. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. माझा धाकटा भाऊ इनॉकच, आणि महा उनाड."

तुमच्या सह्यांच्या संग्रहाचं मी सांगितलं होतं, म्हणून मूळ पत्र मागायला त्या संकोचल्या. स्वतःच म्हणाल्या, "पोरी, सही कापून वडिलांना ठेव. मला वरचा कागद पुरे."

बाबा, मी कात्री हातात घेतली होती, हे लपवत नाही. पण कापलेल्या सह्यांची वही विकायला आलेल्या त्या माणसाला तुम्ही दारातूनच घालवलं होतंत. "पत्राचं मुंडकं उडवणारे तुम्ही खाटीक," असं ओरडला होतात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, जिन्यात बसले होते.

तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, या भीतीने विचारलं नाही. शुक्रवारी तुम्ही घरी याल आणि कोट काढायच्या आधी त्या भिंतीकडे बघाल, म्हणून हे आजच लिहिते आहे. सोमवारी सकाळी अख्खं पत्र, सहीसकट, पाकिटासकट, मी नॉक्सव्हिलला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. रिकामी चौकट जागेवरच टांगली आहे. काच पुसली आहे.

तुमचीच,
हॅरिएट