चिखलाचा विषय

रत्नागिरी, शुक्रवार

रुचिरा बाय,

काल फोनवर म्हणालीस, "आई, पीएचडीला जहाजांचा विषय घेते. सोमवारी फॉर्म भरायचाय. गाळाचा घेतला तर जन्मभर चिखल तुडवायचा, शी!" ते ऐकून मला तुझीच शिसारी आली.

नवा बंधारा झाल्यापासून खाडीचं तोंड गाळानं भरलंय, ठाऊक आहे ना? तुझ्या बाबांची होडी भरती येईपर्यंत बाहेर उन्हात अडकते. बर्फ वितळतो, बांगडा मऊ पडतो, आणि गिऱ्हाईक वास घेऊन माझ्या तोंडावर थू करून जातं. एवढं समुद्राचं शिकलेली आमच्यात तू एकटी. हा गाळ का साचतो ते तू नाही शोधायचं, तर काय मी शोधू?

पण खरं सांगते. शाळेत जाताना मासळीचा वास जावा म्हणून तुझे हात लिंबानं चोळायची मी. चिखलात पाय घातलास की धपाटा घालायची मीच. ही किळस तुला दुसऱ्या कोणी नाही शिकवली.

म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत नाही. वाचलंस तर माझ्या धाकानं गाळ घेशील. आणि नाक दाबून काम करणाऱ्या बाईला मी माझ्या टोपलीलासुद्धा हात लावू देत नाही.

तुझी आई