माडाचा हीर

कट्टा, ता. मालवण
१८ नोव्हेंबर २०२५

ति. मितेशदादास,

प्राजक्ताचा नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र पूर्वीसारखीच धडधाकट आहे. भात झोडून घरात आलं. माझं दुरुस्तीचं दुकान चाललंय. निम्मा कट्टा मोबाइल पाण्यात पाडतो आणि उरलेला निम्मा तो सुकवायला तांदळात पुरून ठेवतो, त्यामुळे पोटापाण्याची काळजी नाही. वहिनींना नमस्कार. तन्वीला सांग, आत्येने तिचं काम हातात घेतलंय.

पत्र बघून चक्रावशील. फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकून जेवतोस, आणि हे सगळं जेवताना ऐकायचं नाही.

तुझं खोकं गुरुवारी मिळालं. काय ते गुंडाळणं! एवढ्या मायेने तू आईला कधी साडी पाठवली नाहीस. चिठ्ठीत तू लिहिलंयस की तन्वीला जुन्या गेमचं वेड लागलंय, म्हणून हे प्लेस्टेशन एका जुन्या वस्तूवाल्याकडून घेतलं, पण चित्र अडखळतं. दुरुस्त करावं की नंतरचं मॉडेल बघावं, आणि आपल्याकडे होतं ते हेच मॉडेल का, असंही विचारलंयस. क्रमाने सांगते.

ढोबळ मानाने याचे तीन अवतार. पहिला करडा आणि जड. त्याच्या पाठीला लाल, पांढरं, पिवळं अशी तीन भोकं, टीव्हीच्या वायरी थेट त्यात जायच्या. दुसरा दिसायला तसाच करडा, पण ती तीन भोकं गायब, सगळं एकाच चपट्या खाचेतून. तिसरा छोटा, पांढरा, गोल कडांचा. त्याचा वीजपुरवठा पोटातून काढून वायरीला बाहेर लटकवलाय.

खरा फरक आत आहे. तबकडी वाचणारा जो डोळा असतो, तो पहिल्यात वीजपुरवठ्याच्या अगदी शेजारी होता आणि प्लास्टिकवर सरकायचा. तास-दीड तास खेळलं की सगळं तापायचं. असं करत प्लास्टिक एका अंगाने झिजलं की डोळा तिरका व्हायचा आणि चित्र अडखळायचं. म्हणून पोरं मशीन पालथं घालून खेळायची. तूही खेळायचास, आणि बाबा म्हणायचे, "गाडी उलटी करून कोण चालवता रे?" नंतरच्या मॉडेलात डोळा त्या उष्णतेपासून लांब नेला. तेव्हा तन्वीला नुसतं खेळायचं असेल तर दुसरं किंवा तिसरं घे. गाण्यांचे काही शौकीन पहिल्याचाच आवाज गोड म्हणतात, पण ते कान माझ्याकडे नाहीत.

तू पाठवलंयस ते पहिलं आहे. खालचं लेबल कोणीतरी खरवडलंय, पण मागची तीन भोकं कशी खरवडणार?

इथवर मी नेहमीसारखं काम केलं. मग झाकण उघडलं.

डोळ्याच्या खाली, झिजलेल्या बाजूला, नखाएवढा एक तुकडा चिकटवलेला होता. डिंक वाळला होता, चिमट्याने धरताच तुकडा सुटून हातात आला. माडाचा हीर, झावळीच्या पातीमधली ती ताठ काडी, आपल्या केरसुणीत असतो तोच. अडखळण्याचं कारण एवढंच. मुंबईत कोणी मशीनसाठी केरसुणी मोडेल असं मला वाटत नाही, तरी मी स्वतःला म्हटलं, मोडली असेल. पण झाकणाच्या आतल्या अंगाला सुरीने कोरलेल्या दोन तिरक्या चिरा होत्या आणि त्यांवरून एक आडवी.

जाळ्याचे बोये आठवतात ना तुला? पाण्यावर तरंगणाऱ्या त्या लाकडी ठोकळ्यांवर प्रत्येक घराची खूण वेगळी कोरतात, म्हणजे वाहून गेलेलं जाळं कोणालाही सापडलं तरी ज्याचं त्याला परत जातं. दोन तिरक्या आणि एक आडवी ही आपल्या दारात मासे घेऊन येणाऱ्या सुशीलाकाकीच्या घराची खूण.

आता मला मे २००० बद्दल लिहायला हवं. मघापासून मॉडेलांच्या गोष्टी सांगून तेच टाळतेय.

बाबांनी बोटीवरून येताना रॉटरडॅमच्या बंदरात घेतलेलं मशीन. तुझी मुंबईची नोकरी ठरली तेव्हा त्यांनी बजावलं होतं, वस्तू दोघांसाठी आणलीय, ती घरातच राहील. तू निघायच्या आदल्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. सुशीलाकाकीने तिच्या पोराकडे, बाबलीकडे, आपले बांगडे धाडले होते. मी पंधराची, तो सतराचा. आम्ही माळ्यावर बसून मशीन उघडलं. कल्पना माझी, सुरी त्याची. त्याने हीर तासून बसवला आणि मशीन सरळ ठेवून चाललं. मी नाचायचं तेवढं बाकी होतं. त्याने झाकणात खूण कोरली आणि म्हणाला, "काम केल्यार खूण नको?" मग मागच्या दाराने गेला, रिकाम्या हातांनी. मला तो आवडायचा. हे वाक्य मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा लिहितेय. लिहून झालं, छप्पर काही कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. मशीन नाही हे दोन दिवसांनी लक्षात आलं. शेजारच्या भाईकाकांनी बाबलीला मागच्या दाराने जाताना बघितलं होतं. तरी बाबांनी आधी तुला फोन केला. तू म्हणालास, "बाबलीक इचारा." रिसीव्हरमधून शब्दन् शब्द ऐकू येत होता. मी शेजारीच उभी होते.

पुढचं तुला आईने सांगितलं असेल, पण एकत्र कधी ऐकलं नसशील. बाबांनी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "ज्या कोणी माझ्या घरातली वस्तू नेल्यान आसात, तेका तू बघून घे." बाबलीला ते बोटीवर लावणार होते, कागदपत्रं अर्धी झाली होती, ती त्यांनी थांबवली. तेव्हापासून बाबली देवगडला दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर खलाशी आहे. सुशीलाकाकी आपल्या दारात पुन्हा टोपली उतरवायला आली नाही. पोराला चोर म्हटलेल्या घरी कोण येईल?

मी एक वाक्य बोलले असते तर हे टळलं असतं. पण "माळ्यावर दोघंच काय करत होता?" हा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता. तू भिऊन खोटं बोललास, मी भिऊन खरं बोलले नाही. मॉडेलं दोन, बिघाड एकच. मला त्याची लाज वाटते, आणि तुझा रागही येतो. दोन्ही लिहून ठेवते.

तेच मशीन मला पाठवताना तुला वाटलं असणार, करडे डबे सगळे सारखेच. पालथं न घालता ते चालायला लागलं याचं मुंबईत नवल वाटलं नाही का रे तुला? एक मात्र खरं, आत धुळीचा कण नव्हता. पंचवीस वर्षं तू ते विकलं नाहीस, फेकलंही नाहीस. माझा राग थोडा त्यामुळेच आवरला.

सुशीलाकाकी आता कट्ट्याच्या बाजारात बसते, माझ्या दुकानापासून पन्नास पावलांवर. मी आजवर वळसा घालून पलीकडच्या टोकाला मासे घेत आले. शनिवारी मशीनचं झाकण वर्तमानपत्रात गुंडाळून थेट तिच्यासमोर जाऊन बसले. तिने खुणेवरून अंगठा फिरवला.

"ही आमची खूण."

"व्हय काकी. त्या दिसा बाबली माज्यावांगडा माळ्यार होतो. मशीन तेनी नेल्यान नाय. माका ठावक होता, पण मी सांगूक नाय."

तिने चेहरा हलू दिला नाही. "तेनी नेल्यान नाय ता माका तेवाच ठावक. मी तेची आवस. ज्येंका ठावक नाय, तेंका सांग गो."

मग तिने विचारलं, "मगे नेल्यान कोणी?"

"ता सांगूचा काम माजा नाय, काकी."

तिने माझ्याकडे बघितलं, झाकण परत दिलं आणि म्हणाली, "आता ऊठ. गिऱ्हायक उभा आसा." मासे दिले नाहीत. मीही मागितले नाहीत.

घरी येऊन आईला माझा भाग सांगितला. ती तांदूळ निवडत होती. तिनेही तेच विचारलं, "मगे नेल्यान कोणी?" मी म्हटलं, दादा सांगेल. तेव्हापासून ती तुझा विषय काढत नाही. एरवी दिवसातून चार वेळा काढते.

गुरवांना विचारून आले. गाऱ्हाणं ज्या घराने घातलं, त्याच घराने उचलायचं. बाबा नाहीत, तर थोरल्या मुलाने देवासमोर उभं राहायचं आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. जत्रा ११ डिसेंबरला आहे. बाबली देवगडहून येतो दरवर्षी, लांब उभा राहून बघतो आणि जातो. तू चतुर्थीला येतोस, घसा फोडून आरत्या म्हणतोस, पण देवळाची पायरी चढत नाहीस. मी आपली समजत होते, मुंबईने तुला नास्तिक केलं.

मशीन मी परत पाठवत नाही. या पाकिटात कागदाच्या पुडीत तो हीर ठेवलाय, जपून उघड, सुकून तडकायला आलाय. आपल्या अंगणात सात माड आहेत, दुसरा हीर तासायला मला दोन मिनिटं पुरतील. पण तासणार नाही. हाच तू घेऊन ये आणि ज्याचा आहे त्याच्या हातात दे. बसवायचा की नाही, ते तो ठरवेल. तन्वीला बरोबर आण. तिला खोटं सांगून आणू नकोस.

तू आला नाहीस, तर जत्रेच्या दिवशी देवासमोर मी उभी राहीन. थोरली नाही, तरी त्याच घरातली आहे. आणि तेव्हा दोन्ही भाग सांगेन.

फोनपाशी उभी होती ती, तुझी बहीण,
प्राजक्ता