सोमवारची भरपाई

१ ऑगस्ट, गुरुवार
अण्णांची आणि माझी क्रॉसमॅच जमली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, किडनी तुझी चालेल. आईचा ब्लड ग्रुप जुळत नाही, भाऊ मला नाही. म्हणजे मीच. ऑपरेशन दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटी. तोपर्यंत अण्णांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस.
मला दोन अटी. वजन पंचेचाळीसच्या खाली जायला नको आणि हिमोग्लोबिन बारा पाहिजे. आज वजन ४७.२, हिमोग्लोबिन १०.९. लोहाच्या गोळ्या दिल्या. उपवास वगैरे करतेस का, असं मॅडमनी विचारलं. मी म्हणाले, क्वचित. परत येताना रिक्षात विचार करत होते, हे खोटं झालं का. सात दिवसांतला एक म्हणजे क्वचितच.
सोळा सोमवार मी घृष्णेश्वराला आधीच बोलले आहे, अण्णांना पहिल्यांदा डायलिसिसला लावलं त्या दिवशी. आता मागे घेता येत नाही. श्रावणात सुरू केले की सोळावा अठरा नोव्हेंबरला येतो. देवाचं आणि हॉस्पिटलचं वेळापत्रक जुळतंय. चांगली खूण आहे.

५ ऑगस्ट, सोमवार
पहिला सोमवार. मोबाईलवर बघून बॅलन्स्ड उपवासाचा प्लॅन केला. सकाळी दूध-खजूर, अकराला केळं, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी (मीठ नाही), चारला रताळं, संध्याकाळी पूजेनंतर चुरमा. बायका उपवासाच्या नावाखाली तळलेलं खातात आणि मग वजनाच्या नावानं रडतात. मी शास्त्रशुद्ध करणार. असं केलं तर सोमवारी वजन उलट वाढेल.
दुपारी अण्णा समोर बसले होते. त्यांना केळं बंद, रताळं बंद, खजूर, दाणे, नारळपाणी सगळं बंद. पोटॅशियम. माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, माझ्या डॉक्टरनं बंदी केलेलं सगळं तुझ्या देवाला चालतं की.
हसत म्हणाले. पण मला पुढं खाता येईना. ताट स्वयंपाकघरात नेलं. भगर संपवली, बाकीचं ठेवलं. पुढच्या वेळी ते झोपल्यावर खायचं.

६ ऑगस्ट, मंगळवार
काल सकाळी दात घासले त्या टूथपेस्टमध्ये मीठ आहे. ट्यूबवरच लिहिलंय. सोमवारी मीठ चालत नाही. गिळलं नसेल, पण सांगता येत नाही.
अण्णांनी मला शाळेत घालायच्या आधी घरीच तीसपर्यंतचे पाढे शिकवले. कंपनीतून सुटून आले की हात-पाय धुऊन समोर बसवायचे. मध्ये एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे माझे पाढे आजही पक्के आहेत.
सोमवार पहिल्यापासून धरले तर सोळावा ऑपरेशनच्या तारखेपलीकडे जातो. म्हणून मार्ग काढला. चुकलेल्या सोमवारची भरपाई त्याच आठवड्यात गुरुवारी करायची. हे अपवाद म्हणून.

१९ ऑगस्ट, सोमवार
तिसरा सोमवार. गेल्या सोमवारचीही भरपाई करावी लागली (आईनं दुधाचं पातेलं भाजीच्या पळीनं ढवळलं होतं).
लोहाच्या गोळीचं कव्हर जिलेटिनचं असतं असं वाचलं. जिलेटिन म्हणजे हाडं. उपवासाला गोळी घेणं बरोबर नाही. मंगळवारी दोन घेते, हिशेब तोच. दोन घेतल्या की मळमळतं आणि जेवण जात नाही, पण ती औषधं लागू पडत असल्याची खूण असावी.
अण्णांना दिवसाला एक लिटर पाणी. चहा, औषधाचं पाणी, सगळं धरून. दुपारी ते बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात. त्यांच्यासमोर तांब्या तोंडाला लावायची लाज वाटते. सोमवारी मीही एक लिटर ठरवलंय. पाण्याचा वजनाशी संबंध नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार
मेडिकलच्या काट्यावर ४५.३. तो काटा फूटपाथवर तिरका ठेवलेला आहे. दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, ताई, बाकी कुणाची तक्रार नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार
सारजा आत्याकडे लासूर स्टेशनला गेले. अण्णांची धाकटी बहीण. मामांचं (आत्याचे मालक) मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. तिथं मक्याची पोती मोजायचा मोठा काटा आहे. सरकारी शिक्का मारलेला, म्हणजे खात्रीचा. त्यावर ४७ भरले. मला इतकं बरं वाटलं.
आत्या गल्ल्यापाशी बसली होती. म्हणाली, खाली बघ बाई, बारदानावर उभी हायेस. चार रिकामी पोती होती पायाखाली. मग तिनं माझं मनगट धरलं, दोन बोटांत मावलं. म्हणाली, काय खातीस गं तू? मी प्लॅन सांगितला. ती म्हणाली, देवाला किडनी लागत नाय, तुझ्या बापाला लागती. चल, मटण टाकलंय.
श्रावणात मटण. मी नुसतं दूध पिऊन परत आले. आत्या मनानं चांगली आहे, पण तिच्या घरी वळण नाही.
रिकाम्या पोत्यांचं वजन फार नसतं.

२ सप्टेंबर, सोमवार
पाचवा. आज पोळा पण आहे. आईनं पुरणपोळ्या केल्या. अण्णांना पुरण चालत नाही, पण सणाचं म्हणून आईनं अर्धी दिली. त्यांनी त्यातला अर्धा भाग ताटलीखाली झाकून माझ्यासाठी ठेवला. म्हणाले, आईला कळायच्या आत खा.
पोट बिघडलंय असं सांगितलं. तो तुकडा संध्याकाळपर्यंत तिथंच होता. मग गायीला घातला.
अण्णांना वाटतं मी तो पहिला सोमवारच धरला, सोळांचं त्यांना माहीत नाही. ऑपरेशन झाल्यावर सांगणार. तेव्हा त्यांना बरं वाटेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
माझी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून लॅबला द्यायची होती. नेमका काल गुरुवार, भरपाईचा, एका लिटरचा. पाच लिटरच्या कॅनच्या तळाशी थोडंसंच. लॅबच्या बाईनं कॅन हलवून बघितला, विचारलं, बाकीचं कुठंय? सांडलं का? मी म्हणाले, एवढंच आहे. ती म्हणाली, पेशंट कोण, तुम्ही का तुमचे वडील?
पुन्हा करायची आहे. एक आठवडा गेला. लॅबवाल्यांना बोलायची पद्धत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार
मॅडमकडे तपासणी. वजन ४५.६. पास.
जीन्स घातली होती आणि कॉलेजचं जाड जॅकेट, कारण सकाळी भुरभुर होती. खिशात मोबाईल आणि पॉवर बँक राहून गेली. निघताना दोन बाटल्या पाणी प्यायले, पण मॅडमनीच पाणी पी म्हणून सांगितलं होतं. कुणी जॅकेट काढ म्हणालं असतं तर मी काढलं असतं.
हिमोग्लोबिन १०.१. मॅडम म्हणाल्या, गोळ्या चालू आहेत ना? मी म्हणाले, हो. आहेतच. पुढची तपासणी तेवीस ऑक्टोबरला, तेव्हा किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर फाईल.
महिना आहे. महिन्यात दोन किलो काहीच नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार
घट बसले. ठरवलं होतं, नवरात्रात फक्त उठता-बसता, पहिला आणि शेवटचा दिवस. पण सकाळी देवीसमोर बसले आणि मनात आलं, अण्णांसाठी नऊ दिवस निघत नाहीत का? मनात आलं म्हणजे बोलल्यासारखंच. देवीला ऐकू गेलं असणार.
नऊ दिवस धरले. मात्र प्रोटीन वाढवते. रोज राजगिऱ्याचे दोन लाडू आणि दही.

७ ऑक्टोबर, सोमवार
लाडू एकच गेला. पोट लहान झालं असावं. हे शरीर हलकं आणि शुद्ध झाल्याचं लक्षण आहे असं एका व्हिडिओत सांगितलं होतं.

९ ऑक्टोबर, बुधवार
डायलिसिस. अण्णांना धरून हॉस्पिटलच्या पायऱ्या चढत होते आणि डोळ्यांपुढं अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा अण्णा पायरीवर बसले होते आणि माझं डोकं त्यांच्या मांडीवर. हाताच्या फिस्टुल्याला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) धक्का लागू नये म्हणून त्यांनी तो हात वर धरलेला. वॉर्डबॉयनं आधी मलाच व्हीलचेअरवर बसवलं. अण्णा मागून चालत आले.
नर्सनं सलाईन लावायचं काढलं. सलाईनमध्ये मीठ असतं, पण आज बुधवार. तरी देवीचा उपवास आहेच. नको म्हणाले. अण्णा तिच्याकडे बघून म्हणाले, लावा.
ऊन फार होतं आज. ऑक्टोबर हीट.

१२ ऑक्टोबर, शनिवार
दसरा. नऊ दिवस पूर्ण, चूक एकही नाही. सलाईनची भरपाई पंधरा तारखेला, मंगळवारी, देवीच्या वारी.
आईनं श्रीखंड वाढलं. दोन घास खाल्ले आणि उलटी झाली.

२३ ऑक्टोबर, बुधवार
या तपासणीला गाऊन घालायला देतात. हिरवा, पाठीमागे नाड्यांचा. मोबाईल, चप्पल, बांगड्या सगळं बाहेर.
४१.८.
सिस्टरला पुन्हा बघायला सांगितलं. तिनं काटा शून्यावर आणून पुन्हा उभं केलं. ४१.८. हिमोग्लोबिन ८.९.
मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, या अंगातून किडनी काढली तर मला दोन पेशंट होतील. आईनं सगळं सांगून टाकलं, सोमवार, गुरुवार, नवरात्र, सगळं. आईला इतके बारकावे माहीत असतील असं वाटलं नव्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, वडिलांसाठी केलंस ना हे? मी हो म्हणाले.
फाईल कमिटीकडे गेली नाही. तीन महिने थांबायचं. वजन अठ्ठेचाळीस झालं की परत यायचं.
एका अर्थी बरंच झालं. घाईत झालेलं चांगलं नसतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
अण्णांना आईनं काल रात्रीच सोमवारांचं सगळं सांगितलं. आज संध्याकाळी त्यांनी हाक मारली. म्हणाले, चतुरा, मला पाणी मोजून देतात. मला कळतं ते कसं असतं. तुला कुणी मोजून दिलं होतं?
मी सांगितलं की हे तुमच्यासाठीच होतं. ते म्हणाले, मी मागितलं होतं का?
मग भिंतीकडे तोंड करून झोपले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांची चिडचिड होते.

२८ ऑक्टोबर, सोमवार
तेरावा. आई भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन समोर बसली. म्हणाली, आज तू जेवली नाहीस तर मीही जेवणार नाही, आणि माझी बीपीची गोळी जेवल्यावरच असते. चतकोर भाकरी खाल्ली. मिठाची चव विचित्र लागली.
सोमवार मोडलेला नाही. देवाकडून मुदत घेतली आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार
आज सोळावा झाला असता.
४२.९. लोहाची गोळी रोज, कव्हर उघडून पावडर मधात. आत्या येऊन राहिली आहे. ती अंडी उकडते आणि मी सोलते. आपण अंडं शाकाहारी धरू, असं ती म्हणाली, कोंबडी काय मेली नाय त्यात. मी विचार करायच्या आत तिनं तोंडात घातलं.
अण्णांना किडनी देता येईल का म्हणून आत्यानं स्वतःची तपासणीही करून घेतली. तिला शुगर निघाली. परत येताना रिक्षात म्हणाली, सत्तर किलोची बाई आन् कामाची नाय.

२२ डिसेंबर, रविवार
४५.१. जिन्यावर दम लागत नाही आता.
अण्णांना मात्र लागतो. उशीला टेकून बसूनच झोपतात. थंडीचं असेल.

२९ डिसेंबर, रविवार
थंडीचं नव्हतं. काल छातीत पाणी भरलं. अ‍ॅडमिट. मशीनवर तीन दिवस सलग पाणी काढणार आहेत. मॅडमना विचारलं, पंचेचाळीस आहे, आता चालेल का. त्या म्हणाल्या, आधी त्यांना बाहेर येऊ दे.

१९ जानेवारी, रविवार
अण्णा घरी. पाय सुजलेले. ४६.९. हिमोग्लोबिन ११.४. सकाळी दोन भाकरी, अंडी, दूध. भूक नसली तरी खाते. मध्येच उठत नाही. आत्या म्हणते, आता कशी माणसासारखी दिसतीस.
अण्णा माझं जेवण बघत बसतात. आज म्हणाले, अजून एक घे. घेतली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
४८.३. हिमोग्लोबिन १२.२. गाऊनवर, उपाशीपोटी.
मॅडमनी पाठ थोपटली. उद्या अण्णांच्या हृदयाची सोनोग्राफी, ती झाली की फाईल पुढं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
अण्णांच्या हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय. ऑपरेशनची भूल झेपणार नाही. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बघितलं. डायलिसिस चालेल तितके दिवस चालवायचं.
मी म्हणाले, पण माझं वजन झालंय. मॅडम म्हणाल्या, हो, बाळा, तुझं सगळं छान आहे.
निघताना मी विचारलं, वजन असंच ठेवायचं का? त्या म्हणाल्या, तब्येतीसाठी ठेव. आमच्याकडून आता काही अट नाही. उपवास वगैरे करायचा असेल तर जपून कर.
अण्णांना आईनं सांगितलं. त्यांनी विचारलं, पोर जेवली का?
उद्या महाशिवरात्र. संध्याकाळी आई दारात उभी राहून म्हणाली, साबुदाणा भिजवू का. मी गोळीचं कव्हर उघडून पावडर मधात घातली. तिनं ते बघितलं आणि स्वतःपुरता भिजवला.